डावीकडचा डबा

क्षमाच्या घरी जेवायला येणारी परदेशी माणसं आजवर दोनच प्रकारची निघाली होती. एक, प्रत्येक वाटीचा फोटो काढून अर्धं पानात टाकणारी. दुसरी, हौसेने पाटावर मांडी घालणारी आणि मग उठताना तिच्या नवऱ्याला, हरिभाऊंना, दोन्ही हात द्यायला लावणारी. अनुश्री दोन्हींत बसेना. मार्चातल्या त्या सकाळी ती झाशीतल्या दतिया गेटजवळच्या त्यांच्या घरी आली, चपला बाहेर काढल्या, वाकून नमस्कार केला आणि अडखळत का होईना, मराठीत म्हणाली की मला आधी एक गोष्ट सांगायची आहे.

पोरगी मॉरिशसची. तिचे पणजोबा-खापरपणजोबा कधीकाळी कोकणातून तिकडे उसाच्या मळ्यांवर गेले, ते तिकडचेच झाले. घरात नावं मराठी, गणपती मराठी, भाषा मात्र समजण्यापुरती उरलेली. दोन महिन्यांची रजा काढून ती इंग्रजांनी वसवलेली गावं, त्यांच्या छावण्या, बंगले, चर्चं पाहत हिंडत होती. हॉटेलात जेवायचं नाही, प्रत्येक गावात कुणाच्या तरी घरी जेवायचं, असा तिचा नेम. आमच्या बेटावर पण असलेच बंगले आहेत, ती म्हणाली, पण घरातला वास वेगळा असतो, तो बघायला येते मी.

हरिभाऊ तर खूशच झाले. रेल्वेत गार्डाची नोकरी करून निवृत्त झालेला माणूस, भुसावळहून बदलीवर झाशीला आला तो इथलाच झाला. निवृत्तीनंतर दिवसभर घरात बसून बायकोच्या डोक्याशी कटकट करायचा. मग नागपूरला असलेल्या शलाकाने, त्यांच्या मुलीने, इंटरनेटवर जाहिरात टाकली: मराठी घरचं जेवण आणि जुन्या छावणीची सैर. जेवण आईचं, सैर बाबांची. तेव्हापासून क्षमाला जरा मोकळा श्वास मिळाला होता, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं इतकंच.

तर, अनुश्रीची ती एक गोष्ट. तिला शेंगदाणा चालत नव्हता. चालत नव्हता म्हणजे पोट बिघडतं वगैरे नव्हे. एक दाणा पोटात गेला तरी घसा सुजून बंद होतो. चौदाव्या वर्षी असं झालं होतं, तेव्हा तीन दिवस तिला नळ्या लावल्या होत्या. तिने पिशवीतून एक चेनची थैली काढली आणि आतलं इंजेक्शन दाखवलं, जाड्या पेनासारखं. कपड्यावरूनच मांडीत खुपसायचं आणि तडक दवाखाना गाठायचा. अशी दोन होती. एक मागच्या आठवड्यात महूला वापरलं. घसा खवखवला म्हणून घाबरून टोचून घेतलं आणि निघाली नुसती धूळ. दिवसभर फुकट दवाखान्यात पडून राहिले, म्हणत ती हसली. क्षमाला काही हसू आलं नाही. शलाकानेही हे तीनदा लिहून पाठवलं होतं, पण लिहिलेलं वेगळं आणि समोर बसलेली ती सव्वीस वर्षांची पोर वेगळी.

आता मराठी बाईला दाण्याचं कूट न घालता रांध म्हणायचं, म्हणजे काय सांगायचं तुम्हाला. भेंडीत कूट, उसळीत कूट, पालेभाजीत कूट, काही सुचलं नाही तर वरून कूट. भिंतीपलीकडची विद्या, अस्सल बुंदेली बाई, वीस वर्षं हेच म्हणत आली होती की जिज्जी, तुमची कुठलीही तरकारी खा, तोंडात मूंगफलीच येते. पण क्षमाने मनावर घेतलं. मिक्सरचं भांडं दोनदा घासलं. तीळ आणि सुकं खोबरं भाजून त्याचं कूट केलं, ते वेगळ्या स्टीलच्या डब्यात भरून ओट्यावर शेगडीच्या उजवीकडे ठेवलं आणि त्यातच वांगी भरली. उरलेलं कूट चमच्याच्या पाठीने दाबून अगदी सपाट केलं, नीटनेटकं. शिवाय पाहुणीला इथलं काही खायचं होतं म्हणून विद्याने शिकवलेली कढी आणि उडदाचे बरे, म्हणजे इकडचे वडे, केले. दाण्याच्या कुटाचा डबा मात्र होता तिथेच राहिला, शेगडीच्या डावीकडे, मीठ आणि साखर यांच्या मध्ये. सत्तावीस वर्षं तो तिथेच होता. तो उचलून माळ्यावर टाकावा, हे काही तिला सुचलं नाही.

त्या घरात नैवेद्य दाखवल्याशिवाय कशाची चव घ्यायची नाही. क्षमा सासूच्या हाताखाली तशीच शिकली होती, मीठ अंदाजाने, तिखट अंदाजाने. हरिभाऊ देवापुढे पाणी फिरवत होते, अनुश्री पाटावर येऊन बसली होती, आणि तेवढ्यात क्षमाला आठवलं की कोशिंबीर राहिली. काकडी चोचवून, पिळून तयारच होती. दही, मीठ, साखर, वरून फोडणी. कोशिंबीर म्हणजे काय स्वयंपाक थोडाच असतो, डोकं दुसरीकडे असलं तरी हात करून टाकतात.

पहिला घास घेण्याआधी अनुश्रीने तिच्याकडे नीट पाहिलं.

"काकू, कशातच नाही ना?"

"एक दाणासुद्धा नाही," क्षमा म्हणाली. "निर्धास्त जेव."

आणि पोरगी खरंच निर्धास्त जेवली. वांगं दोनदा घेतलं, बरे मोजलेच नाहीत. कोशिंबीर पुरे म्हणत असताना क्षमाने आग्रह करून आणखी एक डाव वाढली, आणि पानात टाकायचं नाही म्हणून तिने तीही संपवली. सव्वा वाजण्याच्या सुमाराला हरिभाऊ टोपी घालून आणि अनुश्री आपली गवताची मोठी टोपी घालून निघाले. आधी रेल्वेचे जुने बंगले, मग कँटोन्मेंट, मग तिथलं इंग्रजी कब्रस्तान. त्यांचा मोबाइल नेहमीसारखा चार्जिंगला लावलेला, घरीच राहिला.

क्षमा ओटा आवरायला लागली. तिळाच्या कुटाचा डबा उचलला, झाकण नीट बसवावं म्हणून काढलं आणि थबकली. आतलं कूट सपाट होतं. तिने चमच्याने दाबलं होतं तसंच, बोटाचासुद्धा खळगा नाही. म्हणजे कोशिंबिरीत यातलं काही गेलं नव्हतं. मग तिने डावीकडचा डबा उघडला. त्यात मुठीएवढा खळगा होता.

आता हा खळगा कालचाही असू शकत होता. काल साबुदाण्याची खिचडी केली होती. क्षमा ओट्याशी उभी राहून आठवू लागली. दही घातलं, आठवतंय. मीठ, आठवतंय. साखर चिमूटभर. त्यानंतर हात कुठे गेला? कितीही ताणलं तरी त्या पुढचं काही दिसेना. आयुष्यात कोशिंबीर हजार वेळा केली असेल, त्या हजार वेळा हात साखरेवरून शेजारच्या डब्यात गेला होता. आजच तेवढा गेला नाही, असं कसं मानायचं.

नाही घातलं मी, ती स्वतःशी म्हणाली. सकाळपासून जीव मुठीत धरून रांधलंय, असं कसं घालीन. आणि घातलं असतं तर पोरीला जेवताजेवताच काही झालं नसतं का?

फोन हातात घेतला. अनुश्रीचा नंबर फक्त शलाकाकडे होता. शलाका काय म्हणेल तेही तिला पाठ होतं: आई, तीनदा लिहिलं होतं मी. आणि उगाच बोंब ठोकली आणि पोरीला काहीच झालेलं नसलं तर? बिचारी परत घाबरून टोचून घेईल, शेवटचं इंजेक्शन फुकट जाईल, परत दिवसभर दवाखाना. वर हे सगळीकडे सांगत सुटतील. क्षमाने फोन खाली ठेवला आणि नळ सोडला.

तिने भांडी घासली. ताटं, वाट्या, कढईसुद्धा, जी ती एरवी संध्याकाळपर्यंत भिजत ठेवायची. मध्ये एकदा हात पुसून फोन घेतला आणि पुन्हा ठेवला. कोशिंबिरीचं पातेलं तेवढं बाजूला सारलेलं होतं, तळाशी चमचाभर राहिली होती. सगळी भांडी संपली तेव्हा तेच एक समोर उरलं. तिने बोटाने थोडं घेऊन जिभेवर ठेवलं, डोळे मिटून चव घेतली. छान लागत होती, रोजच्यासारखी. पण दाणे आहेत की नाहीत, ते काही कळेना. तिने पुन्हा घेतलं. जन्मभर ती चव तोंडात मुरलेली, ती असली काय नि नसली काय, जिभेला फरकच पडत नव्हता. क्षमाला त्या क्षणी स्वतःच्या जिभेचीच भीती वाटली.

ती पातेलं घेऊन मागच्या दारी गेली आणि भिंतीवरून विद्याला हाक मारली. काही न सांगता एवढंच म्हणाली की जरा चाखून बघ, कशी झालीय. विद्याने चाटून पाहिलं.

"अच्छी है, जिज्जी," ती म्हणाली. "मूंगफली आज तनक कम डारी है."

घड्याळात दोनला पाच मिनिटं कमी होती. क्षमाने शलाकाला फोन लावला आणि एका दमात कोशिंबिरीचं आणि विद्याच्या बोलण्याचं सांगून टाकलं. पलीकडून ओरडा येईल म्हणून तिने मान आत घेतली होती. शलाका ओरडली नाही. हळू आवाजात म्हणाली की मी तिला फोन लावत राहते, आई, तू निघ. ओरडली असती तर बरं झालं असतं.

घराला कुलूपही न लावता ती निघाली. विद्या बघते म्हणाली. कोपऱ्यावर ई-रिक्शा मिळाली, पण बड़ा बाज़ारात येऊन अडकली. समोर एक लग्नाची वरात, मागे दोन हातगाड्या, आणि मध्ये एक गाय आपलं घर असल्यासारखी उभी. क्षमा रिक्शावाल्याला भैया भैया करत राहिली, तो बिचारा हॉर्न वाजवत राहिला. शलाकाचा फोन आला. रिंग जातेय पण ती उचलत नाहीये. क्षमाने देवाचं नाव घ्यायचं ठरवलं तर देवाचं नावही आठवेना. शेवटी ती उतरली, साडीचा पदर खोचला आणि वरातीतून वाट काढत पलीकडे गेली. नाचणाऱ्या पोरांपैकी कुणी तिला आंटी, आंटी म्हणून मध्ये ओढलं, त्याला तिने असा काही हिसडा दिला की तो खाली बसला.

पलीकडे दुसरी रिक्शा केली. कुठे जायचं विचारल्यावर कँटोन्मेंटमधलं अंग्रेज़ों का कब्रिस्तान असं सांगितलं; एव्हाना ते सैरेच्या शेवटाला पोचले असणार. रिक्शावाला म्हातारा होता, गप्पिष्ट.

"वहाँ आपका कौन है, बहनजी?"

क्षमा रुमाल तोंडात कोंबून बसली. डोळ्यांपुढे तिला ती पोरगी दिसत होती, पानातला शेवटचा घास बोटाने गोळा करणारी. हिची आई कुठल्यातरी बेटावर आत्ता निवांत बसली असेल. तिला कोण सांगणार? मी सांगणार? कुठल्या तोंडाने सांगणार?

कब्रस्तानाच्या फाटकाशी पहिल्यांदा दिसली ती अनुश्रीची टोपी. गवताच्या मोठ्या गोल काठाची ती टोपी हरिभाऊंच्या हातात होती आणि ते टोपीने स्वतःलाच वारा घालत फाटकाशी एकटेच उभे होते. क्षमाला वाटलं संपलं सगळं.

हरिभाऊंना तिला तिथे पाहून नवलच वाटलं. ऊन लागलंय गं पोरीला, ते म्हणाले. आत कडुनिंबाखाली पडलीय, खोकतेय जरा, मी इथे कोणी पाणीवाला दिसतो का बघतोय. शिवाय त्यांनी सांगितलं की अर्ध्या तासापूर्वी तिचा घसा खवखवायला लागला तेव्हा ती ते पेन काढून बसली होती. पण मी म्हटलं, बाळा, तुझी काकू एकदा नाही म्हणाली म्हणजे नाही. इथे पाचोळा बघ किती आहे, त्याचा त्रास होतोय. मग तिलाही महूचं आठवलं, आणि ठेवलं तिने परत.

क्षमा त्यांना बाजूला सारून धावली. एका जुन्या थडग्याच्या चौथऱ्याला टेकून अनुश्री बसली होती. डोळ्यांच्या पापण्या सुजून बारीक फटी राहिल्या होत्या, गळ्यावर लाल चट्टे होते, आणि प्रत्येक श्वासाला आतून शिट्टीसारखा आवाज येत होता. थैली मांडीवरच होती. पिशवीत फोन गुरगुरत होता, तो तिला ऐकू येत नव्हता की उचलवत नव्हता कोण जाणे. क्षमाला पाहून तिने ओठ हलवले. आवाज इतका घोगरा होता की क्षमाला तिच्या तोंडाशी कान न्यावा लागला.

"होतं?"

"होतं," क्षमा म्हणाली. "मी घातलं. कोशिंबिरीत. टोच तू, टोच लवकर."

अनुश्रीने थैली उघडली, पण बोटं सुजलेली, पेनाचं टोपण निघेना. क्षमाने ते ओढून काढलं. पोरीने दोन्ही हातांनी पेन धरलं आणि मांडीत खुपसलं, आणि क्षमाने तिच्या हातांवर आपले हात दाबून धरले. किती वेळ धरायचं ते माहीत नव्हतं. ती नुसती म्हणत राहिली, मी आहे, मी आहे, आणि म्हणताना तिला स्वतःचीच लाज वाटत होती. हरिभाऊ टोपी टाकून रस्त्याकडे पळाले होते. त्या माणसाला पळताना तिने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांनी बबीनाच्या छावणीकडे निघालेली एक जीप अक्षरशः आडवं पडून थांबवली. आत एक फौजी आणि त्याची बायको होते, साताऱ्याकडचे. काही न विचारता त्यांनी मागची सीट रिकामी केली.

दवाखान्यात तिला आत नेलं आणि दार लागलं. ते दार लागल्यापासून उघडेपर्यंतचा वेळ क्षमा काही नीट सांगू शकत नाही. एवढंच की समोरच्या भिंतीवर पोलिओचं पोस्टर होतं आणि त्यातल्या बाळाकडे ती पाहू शकत नव्हती. हरिभाऊ शेजारी बसून म्हणत होते, की चूक माझी, मीच तिला ठेवायला लावलं ते पेन. म्हणत होते आणि क्षमाकडे बघत होते, की ती काही बोलेल.

साडेपाचला त्यांना आत सोडलं. अनुश्री उशीला टेकून बसली होती. हाताला सलाईन, चेहरा अजून सुजलेला, पण श्वास सरळ चालत होता. क्षमा तिच्या पलंगाशी बसली आणि इतका वेळ आवरलेलं रडू एकदम फुटलं. पोरीने सलाईन नसलेला हात पुढे करून तिचा हात धरला. तरुण डॉक्टर कागद लिहीत होता. रात्रभर इथेच ठेवायचं, तो म्हणाला, पुन्हा उसळू शकतं. आणि म्हणाला की अजून पंधरा-वीस मिनिटं गेली असती तर मी काही सांगू शकलो नसतो.

हरिभाऊंनी ते ऐकलं आणि त्यांचा ऊर भरून आला.

"हमारी मिसेज़ को जैसे ही पता चला," ते डॉक्टरला सांगू लागले, "वैसे ही दौड़ी आईं. एक मिनट नहीं रुकीं. बाज़ार में जाम था, तो रिक्शा छोड़के पैदल..."

अनुश्री हसली. सुजलेल्या ओठांनी हसायला तिला कष्ट पडत होते.

"थँक्यू, काकू," ती म्हणाली. "लगेच आलात तुम्ही. दुसरं कोणी आलं नसतं."

क्षमाचं रडू थांबलं. डॉक्टरने मान हलवली आणि पुन्हा लिहायला लागला. हरिभाऊ बायकोच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते, आणि इतक्या अभिमानाने तिच्याकडे त्यांनी लग्नातही पाहिलं नसेल. गप्प राहिलं तर कोणालाच काही कळणार नव्हतं. शलाकालासुद्धा नाही.

"लगेच नाही आले," क्षमा म्हणाली.

हरिभाऊ म्हणाले, अगं काय बोलतेस.

"दीड वाजता शंका आली मला. डबा उघडला तेव्हाच. फोन दोनदा हातात घेतला आणि ठेवला. मला वाटलं, खोटं ठरलं तर हसं होईल. शलाका बोलेल. मी भांडी घासत बसले, अनुश्री. सगळी घासली. कढईसुद्धा."

डॉक्टरचं पेन थांबलं होतं. हरिभाऊंचा हात अजून तिच्या खांद्यावर होता, पण त्यात जीव नव्हता. अनुश्री बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिली, जेवायच्या आधी पाहिलं होतं तितकंच नीट. मग तिने आपला हात क्षमाच्या हातातून सोडवून घेतला, पांघरुणाच्या आत नेला आणि हरिभाऊंना विचारलं, की काका, माझा फोन देता का, मला आईशी बोलायचंय.